डॉक्टरांची नवी नोकरी : आधी घराची यादी, मग पगाराचा आकडा

डॉक्टरांच्या घरात नोकरी बदलण्याचा विषय निघतो तो बहुधा रात्री उशिरा. ओपीडी संपलेली असते, राऊंड झालेला असतो, मुलं झोपलेली असतात. जेवणाचं ताट पुढे ओढता ओढता डॉक्टर सांगतात, "आज एका हॉस्पिटलमधून फोन आला होता." त्यावर घरातून येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती देतायत?"

प्रश्न चुकीचा नाही. पण एकदा आकडा कळला की पुढची सगळी चर्चा त्या आकड्याभोवती फिरू लागते. जोडीदाराची नोकरी, मुलीची शाळा, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, या सगळ्या गोष्टी एकदम 'अडचणी' होऊन बसतात. खरं तर त्या अडचणी नसतात, ते तुमचं घर असतं. म्हणूनच या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. ऑफर हातात यायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी मिळून आपला क्रम ठरवा आणि तो कागदावर लिहून ठेवा. नंतर आलेली प्रत्येक ऑफर त्या कागदाशेजारी ठेवून बघा.

नोकरी एकाची, बदल सगळ्यांचा

डॉक्टरांच्या बाबतीत हा प्रश्न जरा जास्त अवघड का होतो? वेळेमुळे. एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एमडी किंवा एमएसची तीन, सुपरस्पेशालिटी केली तर आणखी तीन. मध्ये प्रवेश परीक्षांच्या तयारीची वर्षं आणि बॉण्डची सेवा धरली तर पहिली मनासारखी नोकरी मिळेपर्यंत तिशी उलटून जाते. नेमका त्याच सुमारास संसार सुरू झालेला असतो, मूल लहान असतं आणि आई-वडील थकू लागलेले असतात. शिक्षणाचं किंवा घराचं कर्जही असतं.

दुसरं म्हणजे, इतकी वर्षं घराने वाट पाहिलेली असते. "शिक्षण संपू दे, मग बघू" असं म्हणत बऱ्याच गोष्टी पुढे ढकललेल्या असतात. त्यामुळे नवी नोकरी म्हणजे सगळ्यांच्या राहून गेलेल्या अपेक्षांचा दिवस. डॉक्टरांना वाटतं, आता चांगलं काम करायला मिळेल. जोडीदाराला वाटतं, आता मला माझं काम नीट करता येईल. आईला वाटतं, आता लेकरू जवळ राहील. कोणी काही बोलून दाखवत नाही आणि निर्णय झाल्यावर रुसवे सुरू होतात.

यादी कशी करायची?

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने स्वतंत्र कागद घ्यावा. त्यावर तीन रकाने आखावेत.

१. याशिवाय नाही
२. असलं तर बरं
३. नसलं तरी चालेल

पहिल्या रकान्यात प्रत्येकाने जास्तीत जास्त तीनच गोष्टी लिहायच्या. ही अट महत्त्वाची आहे. दहा गोष्टी 'याशिवाय नाही' झाल्या तर जगातली कुठलीच नोकरी बसणार नाही. एखादी गोष्ट पहिल्या रकान्यात टाकताना स्वतःला विचारा, "ही मिळणार नसेल, तर पगार दुप्पट असला तरी मी नाही म्हणेन का?" उत्तर 'हो' असेल तरच ती तिथे ठेवा.

लिहिताना एकमेकांच्या कागदात डोकावू नका. समोर बसून बोलताना आपण एकमेकांचं मन राखतो. "तुझं चालेल ते माझंही चालेल" असं पटकन म्हणून टाकतो. कागदावर मात्र खरं उतरतं.

गोष्टी अगदी नेमक्या लिहा. 'चांगलं आयुष्य' असं लिहून काही ठरत नाही. 'आठवड्यातून चार दिवस रात्रीचं जेवण घरी' हे तपासता येतं. 'चांगलं हॉस्पिटल' यापेक्षा 'आयसीयू आणि रात्री हजर असणारा निवासी डॉक्टर' हे तपासता येतं. 'आईच्या जवळ' यापेक्षा 'निघाल्यापासून पाच तासांत आईच्या घरी पोहोचता यावं' हे तपासता येतं.

दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांनाही विचारा. त्यांच्या हातात निर्णय द्यायचा नाही, पण त्यांना कशाची धास्ती आहे ते कळायला हवं. कधी ती शाळेची नसते, कबड्डीच्या संघातली जागा जाईल याची असते.

एका घराचं गणित

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, इंदूरमध्ये एक मराठी कुटुंब आहे. पत्नी एमडी मेडिसिन, म्हणजे फिजिशियन. पती एका औषध कंपनीत, पगार ९० हजार. मुलगा आठवीत. सासूबाई ७१ वर्षांच्या, सोबतच राहतात. पत्नीला दोन ठिकाणांहून विचारणा आली आहे. आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत.

हैदराबादचं कॉर्पोरेट हॉस्पिटल महिना ३ लाख ५० हजार देतं. नाशिकचं ट्रस्टचं हॉस्पिटल २ लाख ४० हजार देतं, शिवाय राहायला क्वार्टर. पहिल्या नजरेत हैदराबाद १ लाख १० हजारांनी पुढे आहे. आता घराचा हिशेब मांडू.

पतीच्या कंपनीचं नाशिकला कार्यालय आहे आणि तिथे बदली मिळते आहे. हैदराबादला नाही. तिथे त्यांना नव्याने नोकरी शोधावी लागेल. हैदराबादचं घरभाडं ४५ हजार, शाळेचा वाढीव खर्च १५ हजार, इंदूरला येण्याजाण्याचे १० हजार, स्वतःच काढायच्या विम्यांचे ५ हजार. ३ लाख ५० हजारांतून हे ७५ हजार गेले की उरतात २ लाख ७५ हजार. नाशिकला पत्नीचे २ लाख ४० हजार आणि पतीचे ९० हजार मिळून ३ लाख ३० हजार होतात. शाळेचे वाढीव १० हजार वजा केले तर ३ लाख २० हजार. म्हणजे कर धरण्याआधीच्या या हिशेबात नाशिक ४५ हजारांनी पुढे जातं.

पण इथेच थांबू नका. पतीला हैदराबादला ९० हजारांचीच नोकरी मिळाली, तर तिथले २ लाख ७५ हजार ३ लाख ६५ हजार होतात आणि हैदराबाद ४५ हजारांनी पुढे जातं. म्हणजे या घराचा खरा प्रश्न 'हैदराबाद की नाशिक' हा नाहीच. खरा प्रश्न आहे, 'पतीला हैदराबादला किती महिन्यांत काम मिळेल आणि तोवर घरी बसायची त्यांची तयारी आहे का?' कागद घेऊन बसल्याशिवाय हा प्रश्न समोर येत नाही.

आता तासांचा हिशेब. हैदराबादला महिन्याचे २६ दिवस, रोज ११ तास, म्हणजे २८६ तास. नाशिकला २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास. ताशी मोबदला हैदराबादला सुमारे १,२२० रुपये आणि नाशिकला १,२०० रुपये. वरची रक्कम जास्त कामामुळे मिळते आहे, जास्त किमतीमुळे नाही. ज्या घराला कर्ज लवकर फेडायचं आहे त्याला ते जास्तीचे तास चालतील. ज्या घरात आठवीतला मुलगा आणि ७१ वर्षांची आजी आहे, त्याने विचार करावा.

पगाराचा आकडा उलगडून बघा

खासगी हॉस्पिटलांमध्ये डॉक्टरांना पैसे देण्याच्या मुख्य तीन पद्धती असतात. एक म्हणजे ठरावीक पगार. दुसरी मिनिमम गॅरंटी, म्हणजे सुरुवातीच्या ठरावीक काळात पेशंट कमी आले तरी ठरलेली रक्कम मिळते. तिसरी, केलेल्या कामातला ठरलेला वाटा.

घोडं पेंड खातं ते दुसऱ्या पद्धतीत. गॅरंटी किती महिन्यांची आहे आणि संपल्यावर वाटा किती टक्के, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. नव्या शहरात पेशंट जमायला वेळ लागतो. गॅरंटी १२ महिन्यांत संपली आणि तोवर ओपीडी भरली नसेल, तर तेराव्या महिन्यात घराचा हप्ता कशातून भरणार? म्हणून घराचा खर्च गॅरंटीच्या आकड्यावर बेतू नका.

आणखी एक फरक समजून घ्या. हॉस्पिटल तुम्हाला 'कर्मचारी' म्हणून घेतंय की 'कन्सल्टंट' म्हणून? कन्सल्टंटला मिळतं ते व्यावसायिक शुल्क. त्यातून १० टक्के टीडीएस कापला जातो आणि वर्षाअखेरीचा कर आपला आपण भरायचा असतो. पीएफ, ग्रॅच्युइटी, पगारी रजा यांतलं काही करारात लिहिलेलं नसेल, तर मिळेल असं धरून चालू नका.

घरात पाळणा हलवायचा विचार असेल तर हा मुद्दा पहिल्या रकान्यात जातो. २०१७ मधल्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी मातृत्व रजा कायद्याने मिळते. त्यासाठी आधीच्या १२ महिन्यांत त्या संस्थेत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. पण हा हक्क कर्मचारी असलेल्या स्त्रीचा आहे. व्यावसायिक शुल्काच्या करारावर काम करणाऱ्या डॉक्टरने तो गृहीत धरू नये. मुलाखतीत हे विचारायला संकोच वाटतो, हे खरं. पण नंतर सात महिने बिनपगारी घरी बसण्यापेक्षा आधीचा संकोच परवडतो.

सरकारी, कॉलेज की खासगी?

मराठी घरांत याची चर्चा बरेचदा 'सरकारी म्हणजे निवांत, खासगी म्हणजे पैसा' एवढ्यावरच संपते. प्रत्यक्षात प्रत्येकाचे वेगळे फायदे-तोटे घरापर्यंत येतात.

केंद्र सरकारच्या सेवेतल्या डॉक्टरांना मूळ वेतनाच्या २० टक्के इतका नॉन-प्रॅक्टिसिंग भत्ता मिळतो. त्या बदल्यात खासगी प्रॅक्टिस करता येत नाही. बदल्या असतात, पण त्यालाही एक दुसरी बाजू आहे. केंद्रीय विद्यालयांत केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्रवेशात अग्रक्रम मिळतो. पती-पत्नी दोघंही सरकारी नोकरीत असतील तर शक्यतो एकाच ठिकाणी नेमणूक द्यावी, अशा केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत. २००९ मध्ये त्या नव्याने काढल्या गेल्या. 'शक्यतो' हा शब्द मात्र लक्षात ठेवा.

मेडिकल कॉलेजात शिकवण्याची आवड असेल तर कामाचे तास तुलनेने ठरलेले असतात. मात्र "फक्त तपासणीच्या दिवशी या, बाकी आम्ही बघतो" अशी ऑफर कोणी दिली, तर पगार कितीही असो, हात जोडून नाही म्हणा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मे २०२५ पासून अध्यापकांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या आधार पद्धतीने घ्यायला सुरुवात केली आहे. नावापुरती नोकरी ही फसवणूक आहे आणि त्यात पणाला लागते ती तुमची नोंदणी.

जोडीदाराचं काम शेवटच्या ओळीत नको

बहुतेक घरांत एक न बोललेला नियम असतो. डॉक्टरची नोकरी आधी ठरते, मग जोडीदार 'काहीतरी बघतो' किंवा 'काहीतरी बघते'. एकदा चालतं. तिसऱ्या बदलीनंतर जोडीदाराच्या बायोडेटात नुसत्या खाचा दिसू लागतात आणि मनातही.

त्यासाठी साधा उपाय आहे. मागच्या बदलीत कोणी सोडलं, ते यादीच्या वरच्या कोपऱ्यात लिहा. "२०२१ : हिने शाळेतली नोकरी सोडली." "२०२३ : याने बढती नाकारली." यात हिशेब चुकता करायचा हेतू नाही. पण या वेळी त्याच माणसाने पुन्हा सोडायचं असेल, तर निदान ते सगळ्यांना दिसत असावं. तेच माणूस दुसऱ्यांदा सोडणार असेल, तर त्याच्या पहिल्या रकान्यातली एक गोष्ट तरी मिळालीच पाहिजे, असा घरचा नियम करा.

दोघंही डॉक्टर असतील तर प्रश्न वेगळा होतो. दोघांना एकाच हॉस्पिटलमध्ये जागा मिळाली की आनंद होतो, पण तिथून बाहेर पडायची वेळ आली तर दोन्ही पगार एकदम थांबतात. दोन वेगळी हॉस्पिटलं असली तर नाइट ड्यूट्या एकाच रात्री येणार नाहीत याची सोय आधी करावी लागते. मूल लहान असेल तर दोघांचे ऑन-कॉलचे दिवस कॅलेंडरवर मांडा आणि उरलेल्या रात्री मोजा.

मुलांची शाळा : कोणत्या वर्षी हलायचं

मुलांच्या बाबतीत 'कुठे' इतकंच 'केव्हा' महत्त्वाचं आहे. सीबीएसईमध्ये दहावीसाठीची नोंदणी नववीतच होते. थेट दहावीत शाळा बदलायची तर पालकांची बदली यांसारखं सबळ कारण आणि कागदपत्रं लागतात. अकरावी-बारावीचंही तसंच. त्यामुळे मूल आठवीत असेल तर नववी सुरू होण्याआधीचा उन्हाळा ही हलण्याची सोपी वेळ. ती हुकली तर दहावी होईपर्यंत थांबणं बरं.

डॉक्टरांच्या घरात आणखी एक विषय निघतो. मुलालाही डॉक्टर व्हायचं असेल तर? सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. राज्यांच्या वाट्याच्या जागांसाठी प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. महाराष्ट्रात साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातूनच उत्तीर्ण झालेली असावी लागते, अधिवासाचा दाखलाही लागतो. काही अपवाद आहेत. आठवी-नववीच्या मुलाला घेऊन राज्य बदलताना दोन्ही राज्यांचे त्या वर्षीचे प्रवेशाचे नियम वाचा. नाहीतर पगार वाढलेला असतो आणि चार वर्षांनी मूल दोन्ही राज्यांच्या कोट्याबाहेर राहतं.

घरातली मोठी माणसं

आई-वडिलांना सोबत न्यायचं की नाही, यावर आपण बरेचदा त्यांच्या वतीनेच निर्णय घेतो. "तिथे मोठं हॉस्पिटल आहे, तुमची चांगली काळजी घेता येईल." पण आजींना हवी असते ती संध्याकाळी बोलायला चार माणसं. दिवसभर बंद फ्लॅटमध्ये, भाषा न कळणाऱ्या शहरात, डॉक्टर मुलगा किंवा सून रात्री नऊला घरी येणार, ही कल्पना त्यांना मुळीच आवडत नाही.

महाराष्ट्राबाहेर जाणार असाल तर हेही बघा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा इथे होळकर, शिंदे, गायकवाडांच्या काळापासून मराठी वस्ती आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे हैदराबादशीही मराठी माणसाचं जुनं नातं आहे. बंगळुरू, दिल्ली इथेही महाराष्ट्र मंडळं आहेत. घर घेताना हॉस्पिटलपासूनचं अंतर बघता, तसं मंडळ, बाग आणि मंदिर यांपासूनचं अंतरही बघा. आजी-आजोबांना घरातून एकट्याने, रस्ता न ओलांडता कुठे जाता येईल, हा प्रश्न भाड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

सही करण्याआधी

घराचा क्रम ठरला, ऑफर पसंत पडली. आता कागद. पुढच्या गोष्टी तोंडी आश्वासनावर सोडू नका.

• कामाचे दिवस, तास आणि महिन्यातल्या ऑन-कॉल रात्री किती, हे करारात लिहिलेलं हवं. 'गरजेनुसार' हा शब्द असेल तर कमाल मर्यादा विचारा.

• नोटीस किती महिन्यांची? दोन्ही बाजूंना सारखीच आहे का? लवकर सोडल्यास किती रक्कम वसूल होणार?

• नोकरी सोडल्यावर त्याच शहरात प्रॅक्टिस करायची नाही, अशी अट आहे का? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे व्यवसायावर बंदी घालणारे करार सामान्यतः रद्दबातल ठरतात. तरीही वाद नको असेल तर अशी अट सहीआधीच काढून घ्या.

• मूळ पदवी प्रमाणपत्रं कोणाच्याही ताब्यात देऊ नका. तपासायला दाखवा, प्रती द्या आणि मूळ कागद घरी आणा.

• इंडेम्निटी विमा कोणाचा? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते आणि तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. म्हणजे तुम्ही हॉस्पिटल सोडल्यावरही जुन्या पेशंटची तक्रार येऊ शकते. फक्त हॉस्पिटलच्या विम्यावर विसंबू नका. स्वतःची पॉलिसी घ्या आणि ती खंड न पाडता चालू ठेवा.

• राज्य बदलत असाल तर नव्या राज्याच्या मेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी जुन्या कौन्सिलचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. याला वेळ जातो. रुजू होण्याची तारीख ठरवताना तो धरा. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांचं नाव केंद्राच्या पीसीपीएनडीटी नोंदणीतही यावं लागतं. त्याआधी मशीनला हात लावता येत नाही.

• महिला डॉक्टरांनी ड्यूटी रूम स्वतः बघून यावी. आतून कडी लागते का, स्वच्छतागृह कुठे आहे, रात्री दोन वाजता घरी जायची सोय काय? ऑगस्ट २०२४ मधल्या कोलकात्याच्या घटनेनंतर हे प्रश्न विचारणाऱ्याला कोणी 'जास्तच चिकित्सक' म्हणू नये. म्हटलं, तर त्या जागेविषयी काय ते कळलंच.

घर बघायला सगळ्यांनी जा

मुलाखतीला डॉक्टर एकटे जातात. निवड झाल्यावर मात्र एकदा सगळ्यांनी मिळून जा. रविवारी नको, कामाच्या दिवशी जा. रविवारी प्रत्येक शहर छान दिसतं. संध्याकाळी सहा वाजता हॉस्पिटलपासून पाहिलेल्या घरापर्यंत गाडीने या आणि किती वेळ लागतो ते बघा. शाळेच्या सुटीच्या वेळी फाटकाबाहेर दहा मिनिटं उभे राहा. भाजीवाल्याशी बोलून बघा.

आणि एक काम डॉक्टरांनी करायचं. ही जागा आधी ज्यांच्याकडे होती, त्यांना फोन करायचा. "का सोडलंत?" हा एक प्रश्न पुरतो. पैसे वेळेवर मिळत होते का, विमा कंपन्यांनी कापलेली रक्कम डॉक्टरांच्या वाट्यातून जात होती का, हे तिथून जितकं खरं कळतं तितकं मुलाखतीत कळत नाही.

मतं जुळलीच नाहीत तर?

तीन कागद समोर ठेवल्यावर दोन 'याशिवाय नाही' एकमेकांच्या आड येणार, हे धरूनच चाला. तिला शिकवणारं हॉस्पिटल हवं, त्याला आई-वडिलांजवळ राहायचं आहे. अशा वेळी कोणाचं बरोबर यावर वाद घालू नका. कोणती गोष्ट दोन वर्षांनीही मिळू शकते आणि कोणती मिळणार नाही, ते बघा. फेलोशिपची संधी आत्ताच आहे का? बाबांची तब्येत दोन वर्षं थांबू शकेल का? जी गोष्ट थांबू शकत नाही, तिला आधी जागा द्या. जी थांबू शकते तिच्यासमोर तारीख लिहा.

ही तारीख फार कामाची आहे. "पुढे बघू" म्हटलं की ते पुढे कधी येतच नाही. "जून २०२८ ला पुन्हा बसायचं, तेव्हा तुझ्या यादीपासून सुरुवात" असं लिहून दोघांनी खाली सही केली, तर आज माघार घेणाऱ्याला आपण हरलो असं वाटत नाही.

नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी तोच कागद पुन्हा काढा. चार रात्री जेवण घरी होतंय का? आजींना मैत्रीण मिळाली का? मुलगा शाळेत रुळला का? जे मिळालं नाही, त्याबद्दल आधी हॉस्पिटलशी बोला. ड्यूटीचे दिवस बदलून मिळतात, ऑन-कॉल कमी करून मिळतात. मात्र त्यासाठी मागावं लागतं आणि काय मागायचं ते कागदावर लिहिलेलंच आहे.

तुमच्या घरी सध्या कोणाचा फोन आलेला नसेल, तर ही यादी करायला हीच उत्तम वेळ आहे. समोर आकडा नसतो, त्यामुळे सगळे शांतपणे लिहितात. या रविवारी चहाच्या वेळी कागद वाटा. पुढच्या वेळी डॉक्टर म्हणतील, "आज एका हॉस्पिटलमधून फोन आला होता," तेव्हा घरातून येणारा पहिला प्रश्न असू द्या, "ऑन-कॉल किती रात्री आहे?"